आटलेल्या गाईचाही हिशेब मांडा

दुधाचे भाव पडले की आपल्याकडे ठरलेल्या गोष्टी होतात. चौकात दूध ओतलं जातं, मंत्रालयात बैठक होते, संघांचे चेअरमन पावडरीच्या दराकडे बोट दाखवतात आणि शेवटी लिटरमागे काही रुपये जाहीर होतात. २०२४ साली गाईच्या दुधाला राज्य सरकारनं आधी पाच आणि मग सात रुपये अनुदान दिलं. माझा त्याला विरोध नाही. ज्या घरात दहा दिवसांच्या बिलावर किराणा येतो, पोरांची फी जाते, तिथं सात रुपये ही थट्टा नव्हे. पण सगळी नोकरी सांगली-कोल्हापूरकडच्या गोठ्यांत काढलेली पशुवैद्यक म्हणून एक गोष्ट मला खटकते. हा पैसा फक्त दूध देणाऱ्या गाईपर्यंत पोचतो. आणि गाईची कास घडते, ती दूध देत नसते तेव्हा.

कालवड असताना घडते, पहिल्यांदा गाभण राहिल्यावर घडते आणि मग दर वेताआधीच्या दोन महिन्यांत पुन्हा घडते. या तिन्ही वेळी तिच्या नावावर डेअरीत थेंबही जमा होत नसतो, म्हणून तिच्यापुढं आंबोणाची पाटीही येत नाही. दुभत्या गाईच्या लाथा गोड लागतात. आटलेल्या गाईला मात्र लाथा खाव्या लागतात.

कास आतून कशी असते हे मी पहिल्यांदा परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात पाहिलं. शरीररचनेच्या प्रात्यक्षिकाला सरांनी एक अख्खी कास टेबलावर ठेवली होती. चार सडांतून त्यांनी चार रंगांची शाई आत सोडली: लाल, निळी, हिरवी, पिवळी. वरून सावकाश चोळत ती आत मुरू दिली आणि मग लांब पात्याच्या सुरीनं कास आडवी कापली. चार रंगांचे चार भाग, सुबक. लाल निळ्यात शिरलं नव्हतं की पिवळं हिरव्यात. बाहेरून एकच दिसणारी कास म्हणजे एका कातड्यात बसवलेल्या चार स्वतंत्र ग्रंथी असतात, आणि एकीचं दूध दुसरीत जात नाही. एका सडाला दगडी (कासेची सूज) झाली तर त्या भागातलं दूध शेजारच्या सडातून काढता येत नाही, ते यामुळं. मागच्या दोन भागांत साधारण साठ टक्के दूध असतं, पुढच्या दोहोंत चाळीस. मधोमध वरून खाली येणारा एक लवचीक पट्टा हा सगळा भार पोटाला धरून ठेवतो. तो सैल पडला की कास गुडघ्यापर्यंत लोंबते आणि सड बाहेरच्या अंगाला फाकतात. मग त्यांवर पाय पडतो, ओरखडे येतात, आणि दगडी यायला दार उघडं होतं.

दूध तयार होतं ते आणखी आत, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक पिशव्यांत. प्रत्येक पिशवीभोवती केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं आणि आवळून पिळणाऱ्या पेशींचं जाळं असतं. एक लिटर दूध व्हायला कासेतून चारशे ते पाचशे लिटर रक्त फिरावं लागतं. वीस लिटरची गाय सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत निदान आठ हजार लिटर रक्त कासेतून फिरवते. उभ्या उभ्या, शेपटीनं माश्या हाकत.

वासरी जन्मते तेव्हा चारही सड तयार असतात. गर्भ दीड महिन्याचा होण्याआधीच त्यांच्या जागी पेशींची रेघ उमटलेली असते. आतली ग्रंथी मात्र नावापुरती. पहिले दोन-तीन महिने ती अंगाच्या वेगानं वाढते. मग तिसऱ्या महिन्यापासून माजावर येईपर्यंत, आणि त्यानंतरचे एक-दोन माज, ती अंगाच्या दुप्पट-तिप्पट वेगानं वाढते. चरबीच्या गादीत नळ्यांचं जाळं पसरत जातं. पुढं गाभणपणात दुधाच्या पिशव्या धरतात त्या याच नळ्यांच्या टोकांना. जाळंच तोकडं राहिलं तर पिशव्या धरायच्या कुठं?

या वयातली कालवड आपल्या गोठ्यात कुठं बांधलेली असते? सगळ्यात कडेला. दूध विकायचं म्हणून तिचं दूध लवकर तोडलेलं असतं. दुभत्या जनावरांनी तोंड मारून टाकलेली वैरण, गव्हाण झाडून निघालेला कडबा, हे तिचं जेवण. पोटात जंत. अंगावर केस ताठ उभे. संकरित कालवड नीट सांभाळली तर अडीच वर्षांच्या आतबाहेर वेते, अशा पोसलेल्या तीन-साडेतीन वर्षांपर्यंत रेंगाळतात, आणि व्यायल्यावर मालक म्हणतो, "आईनं पंधरा लिटर दिलं, ही आठावर अडली. सिमेनच बोगस." सिमेनचा कशाला दोष? आईचं रक्त तिच्यात पुरेपूर आलेलं असतं. कमी पडली ती पाटी.

उलटं टोकही पाहिलंय. हौशी मालक सहा महिन्यांच्या कालवडीला पेंडीनं ठासतात. ती तुकतुकीत दिसते, प्रदर्शनात बक्षीसही घेते, पण नळ्यांच्या जागी चरबी भरते. अशा गाईची कास मोठी असते आणि धार काढल्यावरही मोठीच राहते. बाजारात गाय घ्यायला गेलात तर भरलेली कास बघून भाव करू नका. सकाळची धार न काढताच ती आणलेली असते. समोर धार काढायला लावा आणि मग कास बघा. ती मऊ पडून सुरकुतली तर ग्रंथी खरी. तशीच टणक राहिली तर आत मांस आणि चरबी आहे, त्याचं दूध होत नाही. पोटाखालून पुढं जाणारी जाड, वळणावळणाची दूधशीर बघून माना डोलावणारे पुष्कळ भेटतात. ती शीर कासेतून परत जाणारं रक्त नेते, एवढंच. तिच्यावरून लिटर मोजता येत नाहीत.

आता मुख्य भांडण. ते मी किती उंबऱ्यांवर केलंय सांगता येणार नाही, आणि संवाद दरवेळी तोच.

"वहिनी, सातवा सरत आला. आटवा आता हिला."

"अवो मॅडम, अजून सा लिटर देतीया. आटवू कशी?"

गाईचं गाभणपण नऊ महिने नऊ दिवसांचं. त्यातले शेवटचे साठ दिवस, निदान पंचेचाळीस, तिला धारेतून सुट्टी हवी. या काळात कास विश्रांती घेते असं आम्हीच सांगत आलो. खरं तर तिथं मोठं काम चालू असतं. वर्षभर राबलेल्या पेशी झडतात, नव्या येतात. ही अदलाबदल झाली नाही तर पुढच्या वेताला गाय जुन्या पेशींवर उभी राहते, आणि दूध वीस-पंचवीस टक्क्यांनी घटतं. हिशेब करून बघू. सहा लिटर, तीस रुपये भाव, साठ दिवस: १०,८०० रुपये. त्यातून त्या सहा लिटरसाठी घातलेली पेंड वजा करा. पुढच्या वेताला गाय तीन हजार लिटर देणार असेल तर वीस टक्के म्हणजे सहाशे लिटर, १८,००० रुपये. पंचवीस टक्के धरले तर साडेबावीस हजार. हा हिशेब मी पाटीवर, वहीवर, गोठ्याच्या भिंतीवर खडूनं मांडलेला आहे. वहिनींना तो पटतोही. अडचण अशी की १०,८०० दर दहा दिवसांच्या बिलातून थोडे थोडे हातात येतात आणि १८,००० पुढच्या वर्षी कधीतरी, तेही कमी आले असं कुणाला कळत नाही. बिलात न आलेल्या लिटरची ओळ नसते.

आटवण्याचीही एक रीत आहे आणि ती बहुतेकदा तिसऱ्या दिवशी मोडते. आधी आठवडाभर आंबोण कमी करायचं, पाणी तोडायचं नाही. शेवटची धार पूर्ण काढायची. सडांची टोकं स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायची, डॉक्टरनं सांगितलं असेल तर प्रत्येक सडात औषधाची ट्यूब सोडायची, सड आयोडिनच्या द्रावणात बुडवायचे, आणि मग कासेला हात लावायचा नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कास तट्ट फुगते. गाय पाय उचलते, हंबरते. घरातल्या माणसाला दया येते. "थोडी हलकी करतो" म्हणून तो दोन-चार धारा काढतो, आणि सगळं मुसळ केरात. कारण आत साचलेल्या दुधाचा तो दाबच पेशींना सांगत असतो की आता थांबा. दाब उतरला की त्या पुन्हा कामाला लागतात. शिवाय सडाच्या तोंडाशी नखासारख्या पदार्थाचं एक बूच तयार होत असतं, जंतूंना अडवणारं. पिळलं की ते निघून जातं. आटवल्यानंतरचे पहिले काही दिवस आणि व्यायच्या आधीचे शेवटचे काही, नव्या दगडीची बीजं बहुधा याच वेळी पेरली जातात. ती उगवतात व्यायल्यावर, आणि बिल डॉक्टरच्या नावावर फाटतं.

शेवटच्या महिन्यात गाय रक्तातली रोगप्रतिकारक द्रव्यं कासेत ओतू लागते. तोच चीक. गाईची वार अशी असते की ही द्रव्यं गर्भाला पोटात मिळत नाहीत. वासरू जन्मतं ते अगदी निःशस्त्र. चीक हीच त्याची पहिली लस, आणि ती आतड्यातून रक्तात जायची वाट एका दिवसात बंद होते, पहिल्या काही तासांतच अरुंद होऊ लागते. तीस किलोच्या वासराला पहिल्या तास-दोन तासांपासून सुरुवात करून तीन लिटर चीक गेला पाहिजे. आमच्याकडे मात्र गाय व्यायली की गल्लीत खरवसाचे डबे फिरतात आणि "जास्त चीक पाजला तर वासरू हगतं" म्हणून त्याला ओठ ओले करण्यापुरता मिळतो. खरवस मलाही आवडतो, वेलदोडा घातलेला, गुळाचा. पहिल्या दिवसाचा चीक वासराचा. दुसऱ्या दिवसापासून त्याचं पोट भरून उरेल त्याचे डबे खुशाल वाटा. आणि गाय व्यायच्या आदल्या दिवसापर्यंत पिळलेली असेल तर त्या चिकात फारसा दम नसतो, हेही ध्यानात ठेवा.

सगळं लक्ष लिटरवर गेलं की काय होतं याचा टोकाचा नमुना म्हणजे पान्ह्याचं इंजेक्शन. पान्हा ही नाजूक गोष्ट आहे. वासरानं ढुसणी दिली, कास कोमट पाण्यानं धुतली, अगदी रोजच्या बादलीची कडी वाजली तरी खबर मेंदूपर्यंत जाते. मेंदूच्या तळाच्या ग्रंथीतून ऑक्सिटोसिन रक्तात उतरतं, कासेत पोचतं आणि पिशव्यांभोवतीच्या पेशी आवळल्या जातात. हा जोर पाच-सात मिनिटांचा. तेवढ्यात धार उरकली पाहिजे. गाय घाबरली, तिला काठी बसली, की ती पान्हा चोरते. त्यातही जनावरागणिक फरक आहे. गाईच्या कासेत पाचवा हिस्सा दूध खालच्या पोकळीत उतरलेलं असतं, म्हशीच्या कासेत जेमतेम विसावा, शेळीच्या मात्र निम्म्याहून अधिक. म्हणून शेळी कुणीही, कुठंही पिळावी आणि म्हशीच्या पुढ्यात मात्र धीर धरावा. अशा म्हशींत आपली पंढरपुरी पाहा. कोल्हापुरात गवळी ती दारोदार न्यायचे, दारात मागितली तेवढी धार काढून द्यायचे, आणि पुढच्या दारात ती पुन्हा पान्हा सोडायची. गंगावेशीच्या कट्ट्यावर रहदारीत उभी राहून ती पेल्यात फेसाळ धार देते. माणसाची ओळख आणि हाताची सवय, एवढ्यावर हे चालतं.

जिथं ही ओळख आणि सवय नाही, रेडकू उपाशी मेलेलं आहे आणि गोठ्यात घाई आहे, तिथं सुई टोचतात. इंजेक्शननं दूध वाढत नाही. असलेलंच पिळून निघतं. मग जनावर सुईशिवाय पान्हा सोडेनासं होतं. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याच्या बाराव्या कलमात फुंका आणि दूध वाढवण्यासाठी टोचलेली अपायकारक इंजेक्शनं एकाच ओळीत बसवली आहेत, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. फुंका म्हणजे जनावराच्या मायांगात हवा फुंकून दूध उतरवण्याची रीत. ती कळल्यावर गांधीजींना गाई-म्हशीच्या दुधाचा तिटकारा आला होता. एक मात्र स्पष्ट सांगते. या इंजेक्शनच्या दुधानं मुली लवकर वयात येतात वगैरे जे छापून येतं, त्याला आधार नाही. ऑक्सिटोसिन हे प्रथिनाच्या जातीचं, पोटात गेलं की पचून जातं. छळ होतो तो म्हशीचा. माणसाच्या जिवाची भीती घातल्याशिवाय म्हशीच्या वेदनेची बातमी होऊ नये, हे मला फार लागतं.

दगडीबद्दल थोडक्यात. उघड दगडी सगळ्यांना कळते. कास दगड होते, दुधात गाठी येतात. छुपी कळत नाही. प्लास्टिकच्या चार वाट्यांचं पॅडल असतं, त्यात चार सडांच्या धारा घ्यायच्या, जांभळं द्रावण घालायचं आणि गोल फिरवायचं. आजारी सडाची वाटी चिकट, घट्ट होते. मिनिटभराचं काम. युरोपात मिलीलिटरमागे चार लाख पेशींची मर्यादा घालून दूध पारखतात. आमची डेअरी फॅट आणि डिग्रीवर थांबते. ज्याची मोजणी नाही त्याची काळजी कोण घेणार? अंगठा मुडपून धार काढू नका, मूठ वापरा, आणि धारेनंतर लगेच वैरण टाका म्हणजे गाय तासभर उभी राहील आणि सडाचं उघडं तोंड शेणात टेकणार नाही, हे सांगून माझा घसा बसला. अर्थात ज्यांना सांगायचं त्या बायका. पासबुक नवऱ्याच्या नावावर, आणि संघाच्या मेळाव्यात पहिल्या रांगेत तोच. कासेला रोज दोनदा हात लावणारी बाई मागं चहाच्या पातेल्यापाशी असते.

तर मागणी अशी. लिटरचं अनुदान देताय, द्या. त्यातला एक वाटा आटलेल्या गाभण गाईकडे वळवा, पैशात नको, पेंडीत. साठ दिवस रोज अडीच किलो म्हणजे दीडशे किलो, पन्नास किलोच्या तीन गोण्या, सोबत खनिज मिश्रण आणि आटवतानाच्या चार ट्यूब. दहा लिटरच्या गाईवर सात रुपयांनी दोन महिन्यांत ४,२०० रुपये जातात. तेवढ्यात या तीन गोण्यांचा बराचसा भाग निघतो. दुसरा वाटा तीन महिने ते वर्षाच्या कालवडींना, वजन मोजून. संघांनीही हे स्वतःच्या नफ्यातून करायला हरकत नाही. दिवाळीला स्टीलचा डबा वाटण्यापेक्षा गाय आटली त्या दिवशी गोणी पोचवा.

यावर अधिकारी मित्र म्हणतात, लोक दुभती गाय आटली म्हणून दाखवतील, तपासणार कसं? पण २०२४ चं अनुदान देताना याच सरकारनं कानात बारा आकडी बिल्ला आणि ‘भारत पशुधन’ या पोर्टलवरच्या नोंदीची अट घातली होती. गाय कधी भरवली त्याची तारीख त्या नोंदीत येते. गाभण तपासणीची येते. व्यायल्याची येते. भरवल्याची तारीख अधिक सात महिने हा हिशेब करायला मंत्रालयात कुणी अडलंय असं मला वाटत नाही. फसवून गोणी घेतलेली गाय व्यायची तारीख चुकवू शकत नाही, आणि भरवल्यापासून दहा महिने उलटून गेले तरी नोंदीत वासरू दिसलं नाही की पुढची गोणी आपोआप बंद.

(लेखिका निवृत्त पशुवैद्यक आहेत.)